सैल स्टिअरिंग आणि इस्माईलभाई

१२ सप्टेंबर, गुरुवार. सकाळचे आठ. हातातलं काम: पांढरी सेदान, तक्रार 'स्टिअरिंग सैल आहे'. पिटवर दुसरी गाडी इंजिन उघडून बसली आहे, म्हणून ही लिफ्टवर घेतली.

माझ्या त्या दिवशीच्या डायरीत एवढंच लिहिलं आहे. त्यातलं शेवटचं वाक्य ही माझी चूक. ती मला सोमवारी कळली.

मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये वर्कशॉप सुपरवायझर आहे. मूळची चिपळूणची, रत्नागिरीला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन इकडे आले आणि पहिली दोन वर्षं नोकरीच्या मुलाखतींत "मॅडम, रिसेप्शनला बसाल का?" हे ऐकण्यात गेली. एके ठिकाणी हो म्हणून बसले. रिसेप्शनच्या टेबलापासून गाड्या उचलायची लिफ्ट चौदा पावलांवर होती. ती चौदा पावलं चालायला मला तीन वर्षं लागली. आता गॅरेजचे सगळे मेकॅनिक मला विचारल्याशिवाय नट सोडत नाहीत, असं मी म्हणते. त्यांचं म्हणणं वेगळं असू शकेल.

आमच्या कामाबद्दल लोकांची अशी समजूत असते की मेकॅनिक म्हणजे पाना. पाना शेवटी येतो. आधी ऐकावं लागतं. गिऱ्हाईक कधीच 'माझा व्हील बेअरिंग गेलाय' म्हणत नाही. तो म्हणतो, 'विमान उतरतंय असा आवाज येतो.' एक बाई दर वेळी सांगायची, 'आज गाडी रुसली आहे.' तिचा इंधनपंप खरोखरच जात होता, आणि 'रुसली' याहून नेमका शब्द मला आजही सापडलेला नाही. दुबई मरीनाहून येणारा एक साहेब मोबाइलवर आवाजांची रेकॉर्डिंग आणतो, प्रत्येकाला तारीख घालून. त्यातली निम्मी त्याच्या पाण्याच्या बाटलीची असतात. ती दाराच्या कप्प्यात घरंगळते. पण सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ज्याला तक्रारच नाही ते. गाडी त्याची, आणि तक्रार दुसऱ्याची.

इस्माईलभाई तसे होते.

साठी ओलांडलेला, पांढरी दाढी नीट कातरलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. दापोलीकडचे. आयुष्य टॅक्सीत गेलं. शेवटची चार वर्षं जी कॅब चालवली, तीच कंपनीने लिलावात काढली तेव्हा त्यांनी विकत घेतली. इथे टॅक्सी म्हातारी झाली की तिचा रंग, दिवा, मीटर सगळं उतरवतात आणि ती साधी गाडी म्हणून विकली जाते. हिला वरून पांढरा रंग दिला होता. सकाळचं ऊन तिरपं पडलं की दारावरची जुनी अक्षरं रंगाखालून पुसटशी दिसायची. घड्याळात पाच लाख किलोमीटरच्या वर आकडा होता.

"बाय, गाडी ठीक हाय," ते उतरायच्या आधीच म्हणाले. "हिचं तेवढं समाधान करा."

'ही' म्हणजे त्यांची मुलगी नाझनीन. इथेच, शारजातल्या रोल्लात वाढलेली, चोवीस-पंचवीसची, गळ्यात कॉलेजातलीच लॅपटॉपची बॅग. सहाव्या प्रयत्नात लायसन्स मिळालं होतं. इथे ड्रायव्हिंग टेस्ट सहाव्या वेळी पास होणं ही काही नामुष्की नाही, पण सहा वेळा परीक्षकाच्या शेजारी बसलेल्या माणसाला स्वतःच्या हातांबद्दल शंका येते, तशी तिला होती. अबू धाबीजवळ मुसफ्फात एका स्टील फॅब्रिकेशन कंपनीत तिला नोकरी लागली होती. पुढच्या मंगळवारी रुजू व्हायचं होतं. शारजाहून मुसफ्फा म्हणजे जायला पावणेदोन तास, यायला ट्रॅफिकच्या मर्जीवर. बस बदलत जायचं तर पहाटे निघूनही वेळेवर पोहोचत नाही. तिकडे बेडस्पेस, म्हणजे कुणाच्या खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायला तिच्या आईचा साफ नकार. म्हणजे गाडी चालवली तर नोकरी, नाहीतर नाही. आणि मंगळवारपर्यंत हिंमत नाही झाली तर कंपनीला फोन करून नाही म्हणून सांगायचं, असं तिने घरी आधीच सांगून ठेवलं होतं.

"इट फ्लोट्स," ती म्हणाली. "म्हणजे, मी सरळ धरते, तरी ती लेनमध्ये अशी तरंगते. मग मी वळवते, तर आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम होतं."

"नवीन हाय ना," इस्माईलभाई मला म्हणाले. "मना कधी तरंगली नाय."

"पप्पा, मी खोटं बोलते का?"

"खोटं कुठं म्हटलं? भितेस म्हटलं."

मी गाडी बाहेर काढायला निघाले तर इस्माईलभाई म्हणाले, मीच चालवून दाखवतो. त्यांनी चालवली, मी शेजारी बसले. आमच्या मागच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. गाडी दोरीत गेल्यासारखी सरळ गेली. माणूस इतक्या सफाईने चालवत होता की मी एसीच्या आवाजाकडे लक्ष देत बसले. परत आल्यावर लिफ्टवर घेतली. आमचा हेडमेकॅनिक गुलझमान, पेशावरकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, त्याने पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. डाव्या चाकाच्या टाय रॉडचं टोक खटखटत होतं. चाक आणि स्टिअरिंग यांना जोडणारी ती दांडी, तिच्या टोकाशी एक गोळी असते, ती झिजते. सैल स्टिअरिंगचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

"मिल गया," गुलझमान म्हणाला.

मिळालं की आमच्या लोकांचं डोकं तिथेच थांबतं. माझंही थांबलं. टोक बदललं, चाकांची अलाइनमेंट केली, साडेचारशे दिरहम झाले. इस्माईलभाईंनी ते मोठ्याने दहा हजार रुपये करून मुलीला ऐकवले. नाझनीनने गॅरेजसमोर एक फेरी मारली आणि म्हणाली, थोडं बेटर आहे, पण अजून आहे.

आता मला लिहायला आवडत नाही ते लिहिते. मी तिला म्हटलं, "सवय होईल."

इस्माईलभाई खूश झाले. "मी काय सांगत होतो!" गुलझमाननेही आपलं मत दिलं, "मॅडम, गाडी ठीक है. चलानेवाली नयी है." आणि मी, जिला तीन वर्षं टेबलापाशी बसवून 'सवय होईल' असंच सांगितलं गेलं होतं, मी मान डोलावली.

शुक्रवार, शनिवार गेले. रविवारी नाझनीनने सरावासाठी गाडी मोठ्या हायवेवर घेतली, शेजारी इस्माईलभाई. वाळवंटाच्या बाजूने वारा होता आणि डाव्या-उजव्या लेनला ट्रक. एका ट्रकशेजारून जाताना गाडी ढकलल्यासारखी सरकली, तिने स्टिअरिंग ओढलं, क्षणभर काहीच झालं नाही, मग गाडी झटक्यात वळली. इस्माईलभाईंनी शेजारून हात घालून सावरली. त्यांनी तिला बाजूला थांबवलं आणि उरलेला रस्ता स्वतः चालवला.

हे मला सोमवारी सकाळी इस्माईलभाईंनी सांगितलं. ते एकटे पुढे आले होते. नाझनीन गेटबाहेर फोनवर होती.

"कंपनीला फोन लावते हाय," ते म्हणाले. "येत नाय म्हणून सांगणार. बाय, तुमी एकदा तिला समजावा. गाडीत काय नाय, हे तुमच्या तोंडून ऐकलं तर..."

"फोन लागलाय?"

"रिंग जातेय वाटतं."

मी गेटबाहेर गेले आणि तिला म्हटलं, "ठेव फोन. आधी मला चालवून दाखव."

"आंटी, मला नाही जमत आहे. इट्स मी."

"ताई म्हण. आणि कोण आहे ते संध्याकाळपर्यंत कळेल. कंपनी संध्याकाळीही फोन उचलते."

फोन तिने कापला. चेहरा असा की पुढच्या पाच मिनिटांत पुन्हा लावेल.

गुरुवारी मी जे करायला हवं होतं, ते तेव्हा केलं. तक्रार ज्याची, त्याच्याच हातात गाडी द्यायची. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो कित्येक पोरांना शिकवला आहे. गुरुवारी मालक समोर उभा होता, साठी ओलांडलेला सराईत ड्रायव्हर, आणि मी त्याच्या हातात दिली.

नाझनीन चालवायला बसली, मी शेजारी, इस्माईलभाई बाहेर उभे. मागच्या रस्त्यावर तेव्हा गर्दी नव्हती. ती दोन्ही हातांनी घट्ट धरून, शिकवलं तसं, स्टिअरिंग अगदी स्थिर ठेवून चालली. आणि गाडी खरंच तरंगत होती. हळूहळू उजवीकडे, मग तिने थोडं वळवलं, काही नाही, आणखी थोडं, आणि गाडी डावीकडे.

"दिसलं?" ती म्हणाली.

"दिसलं. थांब."

इस्माईलभाईंना बोलावलं. नाझनीन मागे बसली, मी पुढे. "तुम्ही चालवा. तोच रस्ता, तोच वेग."

गाडी सरळ गेली. दोरीत.

या वेळी मी रस्त्याकडे बघितलं नाही. त्यांच्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताची बोटं सतत चालू होती. बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पाळण्याची दोरी धरून बसलेल्या बाईचा डोळा लागतो, तरी हात हलत राहतो ना, तसं. गाडी कुठे सरकणार हे तिच्या आधी त्या बोटांना कळत होतं.

"इस्माईलभाई, हात का हलवताय?"

"कोण? मी?"

"तुम्हीच."

त्यांनी खाली बघितलं. स्वतःच्या हाताकडे असं बघितलं की जणू दुसऱ्या कुणाचा आहे. "हलतंय होय," ते म्हणाले.

"आता पाच म्हणेपर्यंत हलवू नका. घट्ट धरा. एक, दोन..."

तीनला गाडी मधल्या रेषेवर होती. चारला त्यांनी ओढून घेतली. पाच कुणी म्हटलं नाही.

परत येऊन पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहायचा खड्डा, रिकामी करून घेतली. इथे थोडं समजावून सांगते. लिफ्टवर गाडी उचलली की चाकं हवेत लोंबतात. त्यांच्यावर वजन नसतं, ती लोण्यासारखी फिरतात. त्यामुळे बरेचसे ढिले सांधे तिथे ढिले दिसतच नाहीत. सैल स्टिअरिंग बघायचं तर गाडी स्वतःच्या पायांवर उभी पाहिजे, इंजिन चालू, एकाने वर बसून स्टिअरिंग थोडंसं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली पिटमध्ये उभं राहून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. दोघांत बोलणं चालू पाहिजे. वरून गती येते ती कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे गिळली जाते, हे हाताला कळतं.

स्टिअरिंगवर मी नाझनीनला बसवलं. इस्माईलभाई पुढे सरकले होते, त्यांना म्हटलं, "तुम्ही नको. तुमचे हात लबाड आहेत."

"हात लबाड!" ते बायकोला सांगण्यासारखं काहीतरी मिळाल्यासारखे हसले, पण बाजूला झाले.

गुलझमान खाली. मीही खाली, टॉर्च घेऊन. "चलाओ बेटा, थोडा थोडा," त्याने ओरडून सांगितलं. टाय रॉड ठीक. बॉल जॉइंट ठीक. वरून येणाऱ्या दांडीचा सांधा ठीक. नाझनीन हलवते आहे, थोडं डावं, थोडं उजवं, तिच्या शिस्तीने, एकसारखं. मग गुलझमानने मधल्या आडव्या पेटीवर हात ठेवला आणि उचलला, पुन्हा ठेवला.

"मॅडम. रॅक चल रहा है. पूरा रॅक!"

मी टॉर्च मारला. ती पेटी, जिला आम्ही रॅक म्हणतो, तिच्यातून दांड्या निघून दोन्ही चाकांना जातात. ती स्वतः गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी पक्की बसवलेली असते, मध्ये रबराचे बुश असतात. ते रबर चुरा झालं होतं. स्टिअरिंग फिरवलं की दांडीच्या आधी पेटीच सरकत होती. विळीची धार कितीही असू दे, पाटावर पाय नसला तर भाजी कापायच्या आधी विळीच पुढे जाते. तसं. आणि हे फक्त चाकं जमिनीवर टेकलेली असताना दिसतं. हवेत दिसत नाही.

टॅक्सीचं रबर असंच जाणार. स्टँडच्या रांगेत दोन-दोन फूट पुढे सरकताना, उभ्या गाडीवर स्टिअरिंग फिरवत राहतात. फुटपाथला चाक घासून गिऱ्हाईक घेतात. दिवसाला दोन शिफ्ट, गाडी थंड कधी होतच नाही. पण रबर एका दिवसात जात नाही. आज केसभर, सहा महिन्यांनी आणखी केसभर. आणि चालवणारा रोज तोच असेल तर त्याची बोटं केसभर पुढे जातात. चार वर्षं इस्माईलभाई आणि ते रबर बरोबर झिजत आले होते.

वर येऊन मी नाझनीनला म्हटलं, "गाडी खराब होती. तू बरोबर होतीस. गुरुवारी मी चुकले, लिफ्टवर बघितली, आणि तुझ्या हातात न देता तुझ्या वडलांच्या हातात दिली. सवय होईल म्हटलं तेही चुकीचं. अशी सवय व्हायला नको."

ती स्टिअरिंगवरच बसून होती. "इट वॉजन्ट मी?"

"नाही."

"से इट अगेन. पप्पांसमोर."

इस्माईलभाई दोन पावलांवरच होते. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "रविवारी हिला वरडलो मी," ते मला म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "जेवलीस का गं सकाळी?" तिने नाही म्हटलं. ते गेटबाहेर जाऊन कॅफेटेरियातून दोन अंडा-पराठे आणि चहा घेऊन आले, आणि तो विषय त्यांच्यात तिथेच मिटला असावा, कारण खाताना ती त्यांना आपल्या पराठ्यातला अंड्याचा भाग काढून देत होती.

बुश मिळायला दुपार झाली. गुलझमानने रॅक उतरवला, बुश दाबून बसवले, पुन्हा अलाइनमेंट. साडेपाचला गाडी तयार. इस्माईलभाई म्हणाले, पहिली फेरी मी मारणार. माझी हरकत नव्हती. मला बघायचंच होतं. नाझनीन त्यांच्या शेजारी बसली, मी मागे.

गाडी गेटबाहेर निघाली ती नागमोडी. डावी, उजवी, डावी. समोरच्या टायरवाल्याने हातातला चहा बाजूला ठेवला. मी मागच्या सीटवरून ओरडले, "इस्माईलभाई, हात!"

"मी काय करत नाय! गाडी उडते हाय!"

"पप्पा, जस्ट होल्ड इट. धरून ठेव फक्त."

"धरलंय की!"

धरलं होतं, पण बोटं ऐकत नव्हती. नवीन रबरावर केसभर हललं तरी गाडी केसभर वळणारच. रस्त्याच्या टोकाशी त्यांनी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं, हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस, स्वतःच्याच गाडीत.

"आता ही मना चालवता येत नाय," ते म्हणाले. वाईट वाटल्यासारखं म्हणाले नाहीत. हिशेब लागला तसं म्हणाले.

"येईल. आठवडाभर."

"हिला मंगळवारी जायचंय." आणि ते उतरले. नाझनीन स्टिअरिंगवर आली, मी तिच्या शेजारी बसायला निघाले. इस्माईलभाई मागचं दार उघडून आत बसले आणि इकडे तिकडे बघायला लागले. सीट दाबून बघितली. पाय पसरले. "या गाडीच्या मागं मी कधी बसलोच नाय," ते म्हणाले. "बरी हाय की जागा."

नाझनीनने आरसा नीट केला. त्यात बघून विचारलं, "येस सर, कुठे जायचं?"

"रोल्ला. आणि मीटर टाक, मना फसवू नको."

ती हायवेच्या कडेकडेने गेली. एक ट्रक शेजारून गेला. गाडी किंचित हलली, तिने किंचित सावरली, आणि ती सरळ झाली. फेरी मारून परत मला गॅरेजपाशी उतरवताना तिने विचारलं, "ताई, कंपनीला सकाळी तो मिस्ड कॉल गेलाय. काय सांगू?"

"सांग, चुकून लागला."

मंगळवारी सकाळी सव्वासातला, मी चहा गाळत होते तेव्हा तिचा मेसेज आला. 'रीच्ड. खूप ट्रक्स होते. हियर पार्किंग इज अ जोक.' तासाभराने मी गॅरेजला पोहोचले. माझी गाडी नऊ वर्षं मीच चालवते आहे. नवऱ्यालाही देत नाही. मी चावी काढली आणि गुलझमानच्या हातात दिली.

"क्या हुआ गाडी में?"

"मुझे तो कुछ नहीं लगता."

"फिर?"

"फिर तू चला के देख."

दहा मिनिटांत येतो म्हणून गेला, पंचवीस मिनिटांनी आला. उतरला, चावी बोटात फिरवत राहिला, आणि माझ्याकडे बघेना.

"बोलो," मी म्हटलं.